वांद्र्याच्या उघड्या लॉनवर १२ फुटी फुग्यांचा मोर : सांगाडा कशाचा करावा?

लालबागकर_डेकोर

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वांद्रे रेक्लमेशनच्या बाजूला, खाडीकडे पूर्ण उघड्या असलेल्या लॉनवर स्वागत समारंभ आहे. प्रवेशापाशी पिसारा फुलवलेला मोर हवाय, सगळा फुग्यांचा. पिसारा अर्धवर्तुळाकार, रुंदी १२ फूट म्हणजे त्रिज्या ६ फूट. त्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे एकूण उंची साडेआठ फूट. पुढे चार फूट लांबीचं धड आणि वळलेली मान.

जागा दुपारी १२ ला ताब्यात मिळते, पाहुणे ७ वाजता. माल टाटा एसमधून न्यायचा. रात्री साडेअकरापर्यंत सगळं उचलून जागा मोकळी करून द्यायची.

हॉलमधल्या कमानी, खांब, फुग्यांच्या भिंती हे नेहमीचं काम आहे. उघड्यावर एवढं मोठं सपाट अंग पहिल्यांदाच उभं करतोय. विचारायचं ते असं : सांगाड्याला २५ मिमीचा पीव्हीसी कंड्युट (वायरिंगची नळी) पुरेल का? पिसाऱ्यावर ५ इंची फुगे लावायचे ठरवलेत, ते सरकू नयेत म्हणून कशावर बांधावेत आणि एकूण किती लागतील? दुपारच्या उन्हाचं काय करावं? आणि यजमानांकडून सूचना आलीय की फुग्यांत गॅस भरला तर वजन हलकं होईल. त्यात तथ्य आहे का?

सांगाडा_माझगाव

आधी वजनाचा विचार बाजूला ठेवा. ५ इंची फुग्याचं रबर साधारण एक ग्रॅम भरतं. हजार फुगे लावले तरी किलोभर. तुमच्या सांगाड्याला फुगे पेलायचे नाहीत, त्याला स्वतःचा आकार धरून ठेवायचाय आणि वारा सोसायचाय. माल निवडताना हेच डोक्यात ठेवायचं.

नुसत्या पीव्हीसीवर हे होणार नाही. पीव्हीसीचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. सहा फुटांची काडी एका टोकाला धरली की दुसरं टोक झुलतं, आणि झुललं की फुगे एकमेकांवर घासून फुटतात. त्यात काळा किंवा करडा पाइप उन्हात तापला की आणखी मऊ पडतो. सगळा सांगाडा लोखंडी केला तर ताठ होईल, पण वजन नको तिथे, म्हणजे वरच्या बाजूला जाईल. म्हणून तिन्ही माल वापरा, जिथे जे शोभतं तिथे.

तळ आणि उभे खांब लोखंडी : २५ × २५ मिमी चौकोनी पाइप, १६ गेज (पत्र्याची जाडी). तळाची चौकट ४ × ४ फूट, तिच्यावर १८ मिमी प्लाय. प्लाय एकटाच सोळा किलोच्या आसपास भरतो, ते वजन इथे कामाचं आहे. दोन उभे खांब एकमेकांपासून एक फूट अंतरावर, चौकटीला वेल्ड केलेल्या खोबणीत बसवून आरपार बोल्ट.

खांबांच्या माथ्यावर एक फूट त्रिज्येची अर्धगोल पत्रा-प्लेट, ५ मिमी जाडीची, सरळ कड खाली. पिसाऱ्याच्या काड्या तिच्यावरून निघतील. काड्या नऊ, दर साडेबावीस अंशांवर एक, दोन टोकाच्या आडव्या. या काड्या ॲल्युमिनियमच्या पाऊण इंची चौकोनी पाइपच्या, १८ गेज, प्रत्येक साडेपाच फूट. अर्धा फूट प्लेटवर चढेल, पाच फूट बाहेर राहील. प्रत्येक काडीला ६ मिमीचे दोन बोल्ट मारा, चार-साडेचार इंच अंतर ठेवून. एका बोल्टवर काडी फिरते, आणि पिसाऱ्याचे कोन बिघडले की पुढचं सगळं माप चुकतं.

काड्यांना जोडणाऱ्या कमानी मात्र पीव्हीसीच्याच करा, २० मिमी हेवी कंड्युट. त्रिज्या २, ४ आणि ६ फूट. तिघींची मिळून लांबी ३८ फूट होते, म्हणजे दहा फुटी चार नळ्या आणि कपलर (नळ्या जोडायचे तुकडे). या वळणांना हीट गन लागत नाही, २० मिमीची नळी दोन फुटांच्या त्रिज्येपर्यंत हाताने थंडच वळते. काडीवर बांधताना केबल टाय फुलीसारखे दोन मारा, टायचं डोकं मागच्या बाजूला घ्या आणि शेपूट फ्लश कटरने सपाट कापा. साध्या कात्रीने तिरपं कापलेलं टोक सुईसारखं राहतं आणि फुगे तिथेच जातात. ॲल्युमिनियमच्या कापलेल्या तोंडांना प्लास्टिकच्या एंड कॅप घाला, तेही याच कारणासाठी.

नऊ काड्यांचं वजन साडेतीन किलो, कमानी दीड किलो. पिसारा पाच किलोत बसतो. त्याच काड्या लोखंडी केल्यात तर त्यांचंच दहा किलो होईल.

मागून दोन तिरके टेकू हवेतच. चार फुटांच्या कमानीपासून तळाच्या मागच्या कडेपर्यंत, तेही पाऊण इंची ॲल्युमिनियमचे. दोरी चालणार नाही, कारण वारा मागून आला की दोरी ढिली पडते. टेकूला विंग नट (हाताने फिरवायचे पंखांचे नट) लावा, रात्री पाना शोधत बसावं लागत नाही.

टाटा एसचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. साडेपाच फुटी काड्या आणि चार फुटी तळ आडवे बसतात. वेल्डिंगवाल्याने पिसारा एकसंध करून दिला तर तो ना टेम्पोत बसणार ना लॉनच्या फाटकातून जाणार. चौकोनी पाइप आणि बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतील, कंड्युट आणि केबल टाय लोहार चाळीत.

स्थापत्य_मुलुंड

वरचा सल्ला बरोबर आहे. त्यात वाऱ्याचे आकडे घालतो, कारण तळाला किती वजन ठेवायचं हे अंदाजाने ठरवू नये.

वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढायचा तर वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग गुणिले ०.६१. सपाट अंगासाठी त्याला आणखी १.२ ने गुणायचं. तुमच्या पिसाऱ्याचं क्षेत्रफळ, त्रिज्या १.८ मी. धरून, ५.१ चौ.मी., त्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर येतो. तळ पुढून मागे चार फूट आहे, म्हणजे उलटण्याच्या कडेपासून मधलं अंतर ०.६ मी. त्यावरून :

ताशी १८ किमी वाऱ्याला ढकलणारा जोर साडेनऊ किलो, आणि मोर उलटू नये म्हणून तळाच्या मधोमध किमान २४ किलो.
ताशी २९ किमीला जोर साडेचोवीस किलो, तळाला ६१ किलो.
ताशी ४० किमीला जोर ४७ किलो, तळाला ११८ किलो.

वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दुपारी स्थिर वाटलेला सांगाडा संध्याकाळी आडवा होतो तो यामुळेच. एप्रिलमध्ये मुंबईत दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून खारा वारा वाढत जातो, आणि तुमची जागा त्याच अंगाला उघडी आहे.

ताशी २९ किमी धरून दीडपट सुरक्षितता घ्या, म्हणजे एकूण नव्वद किलोच्या वर. तळ, प्लाय, खांब आणि धड मिळून तीसेक किलो होतील. उरलेल्यासाठी पाण्याचे वीस लिटरचे चार जार पुरतात. ते लॉनवरच मिळतात, टेम्पोत ओझं होत नाही. दोन धडाच्या पोटाखाली, दोन मागे. सगळे मागे ठेवू नका, मागून झोत आला तर मोर पुढे पाहुण्यांवर पडेल.

जारांपेक्षाही मोठा फरक दिशेने पडतो. पिसाऱ्याची कड समुद्राकडे येईल असा मोर उभा करता आला तर वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ अगदी थोडं राहतं. प्रवेशाची वाट उत्तर-दक्षिण असेल तर हे सहज जमेल. जागेवर पाहणी करताना होकायंत्र लावून बघा आणि यजमानांशी आधीच बोलून ठेवा.

फुगेकाम_गिरगाव

फुग्यांच्या बाजूचं सांगतो.

बाहेरच्या कडेला दोन काड्यांमध्ये सव्वादोन फुटांहून जास्त अंतर पडतं. ५ इंची फुग्याला तिथे आधारच नाही. नुसती तंगूस ताणून ओळी केल्या तर फुगे तंगुसावरून घसरून मध्यभागी गोळा होतात, हे अगदी हमखास. कोंबडीची जाळी लावायचा मोह होईल, लावू नका. तिच्या कापलेल्या तारा कितीही दुमडल्या तरी एखादी बाहेर राहतेच.

क्रिकेटच्या सरावाची नायलॉनची जाळी घ्या, गाठीची, सुमारे दोन इंची घराची. धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत मिळते. पिसाऱ्याच्या आकारात कापून पुढच्या बाजूने काड्यांवर आणि कमानींवर ताणून बांधा. गाठ पक्की असल्यामुळे घर सरकत नाही, आणि रात्री फुगे काढले की जाळी गुंडाळून पुढच्या कामाला तयार.

फुगे मोकळे लावायचे नाहीत. दोन फुग्यांच्या माना एकमेकींना बांधून जोडी, आणि दोन जोड्या एकमेकींत पीळ देऊन चारचा गुच्छ. गुच्छाच्या मध्यात १६० नंबरचा लांब फुगा न फुगवता, अर्धा कापून बांधा. त्याची दोन शेपटं जाळीच्या शेजारच्या दोन घरांतून मागे काढून ताणून गाठ. रबर ताणलेलं राहतं म्हणून गुच्छ जाळीला आवळून धरतो आणि वाऱ्यात थोडा हलून परत जागेवर येतो. केबल टाय किंवा दोऱ्याने हे होत नाही, ते मानेला कापतात.

उघड्यावर ५ इंची फुगा सव्वाचार इंचच फुगवा. हॉलमध्ये साडेचार चालतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला सव्वाचार इंचाचं भोक पाडून प्रत्येक फुगा त्यातून काढा, डोळ्याने माप धरू नका. एका गुच्छात एक फुगा जरी मोठा आला तरी गुच्छ तिरका बसतो आणि ओळ वाकडी दिसते. फुगा पेरूसारखा मानेकडे लांबला तर हवा जास्त झालीय, थोडी सोडा. गोल राहिलेला फुगाच टिकतो.

हिशेब : गुच्छांमधलं अंतर २० सेमी, म्हणजे जाळीची चार घरं. चौरस मीटरला २५ गुच्छ, १०० फुगे. पिसाऱ्याला ५००. पिसांचे डोळे सतरा करा, नऊ काड्यांच्या टोकांना आणि आठ चार फुटांच्या कमानीवर, दोन-दोन काड्यांच्या मध्ये. प्रत्येक डोळा सात फुग्यांचा : साडेतीन इंची तीन जोड्या पिळून सहा पाकळ्या, मध्ये गडद निळा. सारख्या मापाचे सहा गोल एका गोलाभोवती बरोबर बसतात, फट राहत नाही. एवढं मात्र पाहा की मधला पाकळ्यांपेक्षा मोठा नको, नाहीतर तो पाकळ्या बाहेर ढकलतो. हे ११९ झाले. धडाला २४०. एकूण ८५९, त्यावर बारा टक्के फुटतूट धरून ९६०. म्हणजे शंभरची दहा पाकिटं.

धडासाठी तीन पीव्हीसी कड्या करा, ६०, ७५ आणि ५० सेमी व्यासाच्या, लांब पट्ट्यांनी जोडून अंड्याचा आकार, त्यावर तीच जाळी. काहीजण आत ३६ इंची एक मोठा फुगा ठेवून त्यावर लहान चिकटवतात. तो एक फुटला की सगळं धड बसतं, आणि तिथे दुसरा घालायला वाट नसते. तसं करू नका.

मान वेगळी. २५ मिमी कंड्युट हीट गनने इंग्रजी एसच्या आकारात वळवा (तुमचा २५ मिमी इथे उपयोगी पडेल), त्यावर १० इंची फुग्यांचे चारचे गुच्छ चढवा. खाली आठ इंच माप, दर दोन गुच्छांनी अर्धा इंच कमी करत वर साडेपाच. प्रत्येक गुच्छ खालच्याच्या खाचेत बसवला की आपोआप थोडा फिरतो. पाच फुटांच्या मानेला बारा गुच्छ, ४८ फुगे. तुरा १६० च्या पाच लांब फुग्यांचा, टोकाला रिकामी शेपटी सोडून.

पिसाऱ्याचा नमुना जाळीवरच लोकरीच्या रंगीत गाठी मारून घरून आणा. लॉनवर फोटो बघत रंग जुळवायला वेळ नसतो.

लालबागकर_डेकोर

खूपच मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. सांगाडा ठरला. जाळीचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता.

आता उन्हाचं आणि वेळेचं. फुगे आदल्या रात्री कारखान्यात फुगवून आणावेत की जागेवर? आणि गॅसबद्दल यजमानांना काय सांगू?

मस्जिदबंदर_होलसेल

उन्हात फुगा दोन प्रकारांनी खराब होतो, आणि दोन्हींवर उपाय वेगळा.

पहिला, हवा प्रसरण पावते. २२ अंशांच्या एसीत फुगवलेला फुगा ३६ अंशांत नेला तर आकारमान पावणेपाच टक्के वाढतं, व्यास जेमतेम दीड टक्का. हे फुगा सहन करतो. पण गडद फुगा थेट उन्हात हवेपेक्षा खूप जास्त तापतो, आणि तापलेलं रबर ताणाला आधीच कमजोर झालेलं असतं. म्हणूनच वर सांगितलेलं कमी माप. ते पाळलंत तर फुटण्याचं प्रमाण आटोक्यात राहतं.

दुसरा, झळाळी जाते. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून लॅटेक्सच्या (फुग्याच्या रबराच्या) पृष्ठभागावर धुरकट, मखमलीसारखा थर आणतात. फुगा फुटत नाही, पण फोटोत मेलेला दिसतो. पारदर्शक आणि गडद रंगांवर हे सगळ्यात आधी दिसतं, थेट उन्हात तास-दोन तासांतच. सिलिकॉनचा शाइन स्प्रे फुगा लावून झाल्यावर मारला तर हा थर उशिरा येतो. मोरासाठी आणखी चांगला मार्ग दुहेरी फुगा : निळा आत, हिरवा बाहेर. मोरपंखी रंग याच जोडीतून खोल दिसतो, आणि एक थर धुरकटला तरी खालचा रंग धरून ठेवतो. फक्त धड आणि मान दुहेरी करा, पिसारा एकेरी. सगळं दुहेरी करायला वेळ पुरणार नाही. दुहेरी केलंत तर धडाचे २४० आणि मानेचे ४८ फुगे आणखी धरा.

म्हणून पावणेपाचनंतर लावा. १२ ला जागा मिळाली की सांगाडा, जार आणि जाळी एवढंच उभं करा. फुगे लॉनच्या ऑफिसमध्ये किंवा मांडवाच्या सावलीत २ वाजल्यापासून फुगवून गुच्छ करून ठेवा. सरावलेला माणूस मापाच्या खोक्यासकट तासाला दोन-अडीचशे फुगे करतो. हजाराहून जास्त फुग्यांना दोन माणसं, दोन नळीचा इलेक्ट्रिक पंप, तीन तास. लावायला चार माणसं ४.४५ पासून. एप्रिलअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, शेवटचे दोन तास ऊन तिरपं असतं पण पश्चिमेकडून थेट येतं. वाऱ्यासाठी कड समुद्राकडे ठेवणं जमलं नाही आणि पिसाऱ्याची पाठ पश्चिमेला आली, तर जाळीमागे लावलेलं कापड सावली धरेल. कापड पूर्ण ताणू नका, वाऱ्यात शीड होतं. मधे मधे फटी सोडा.

आदल्या रात्री फुगवून आणू नका. एवढे फुगे टाटा एसमध्ये घासून फुटतात, आणि झाकायला काळ्या पिशव्या वापरल्या तर त्यातच तापतात.

माल घेताना अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटकडे एका रंगाची सगळी पाकिटं एकाच लॉटची मागा. लॉट बदलला की हिरव्यात फरक पडतो, आणि मोठ्या सपाट पिसाऱ्यावर तो पट्ट्यासारखा दिसतो. पाकीट उघडून एक फुगा ओढून बघा. जुना माल मानेला चिकटतो आणि ताणला की पांढरट चिरा दिसतात.

रबराला काय चालत नाही तेही लक्षात ठेवा : तेलाचा हात, सनस्क्रीन, ऑइलपेंटचा स्प्रे. संत्र्याच्या सालीतला रस तर लागताक्षणी फुगा फोडतो. फळांचा काउंटर मोरापासून लांब ठेवायला केटरिंगवाल्यांना सांगून ठेवा. खाली हिरवळ कापलेली असेल तर तिची टोकं फुगे फोडतात. फुगवायच्या जागी सतरंजी अंथरा.

स्थापत्य_मुलुंड

गॅसबद्दल यजमानांना आकडेच दाखवा. हेलियमचा एक लिटर साधारण एक ग्रॅम उचलतो. ११ इंची फुगा पूर्ण फुगवला तर साडेअकरा लिटर, त्यातून रबराचे तीन ग्रॅम वजा जाता निव्वळ साडेआठ ग्रॅम. नुसता पाच किलोचा पिसारा उचलायला असे जवळपास सहाशे फुगे लागतील. आणि सव्वाचार इंचाला फुगवलेल्या ५ इंची फुग्यात पाऊण लिटरही हवा मावत नाही, त्याचं स्वतःचं रबर एक ग्रॅम. तो हेलियम भरूनही वर जात नाही. म्हणजे या कामात गॅसचा उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्वस्तात मिळणारा 'गॅस' पुष्कळदा हायड्रोजन असतो. हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की तो पेट घेतो. समारंभात कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी), उदबत्त्या, सिगारेट हे सगळं असतं. हजार फुग्यांत हायड्रोजन भरून प्रवेशद्वारावर उभं करणं म्हणजे माणसांना आगीजवळ उभं करणं. यावर तडजोड नको.

कोल्ड पायरो साध्या हवेच्या फुग्यांनाही चालत नाही, ठिणगी लागली की ओळीने फुटतात. मोरापासून किमान पंधरा फूट लांब ठेवायला सांगा. दिवे एलईडी पारच (एलईडीचे झोताचे दिवे) घ्या. हॅलोजन समोर ठेवला तर जवळचे फुगे तासाभरात जातात.

लालबागकर_डेकोर

हे यजमानांना जसंच्या तसं दाखवतो. एक शेवटचं. वारा किती झाला की मोर उतरवायचा? आणि पाहुणे असताना उतरवायचा कसा?

सांगाडा_माझगाव

हाताचा वारामापक मिळाला तर उत्तम. नसेल तर डोळ्याने : जमिनीवरची धूळ आणि कागद उडू लागले, झाडांच्या बारीक फांद्या हलू लागल्या की वारा ताशी २० ते २८ किमीच्या पट्ट्यात आहे. इथे एक माणूस मोरामागे उभा करा. लहान झाडं मुळापासून वरपर्यंत डोलू लागली की २९ ओलांडले. मग थांबायचं नाही.

उतरवायला बोल्ट सोडत बसू नका. आधी पिसाऱ्यावरचे गुच्छ काढा, एकाआड एक. अर्धे फुगे गेले की वाऱ्याला वाट मिळते, जोर लगेच उतरतो, आणि लांबून मोर मोरच दिसतो. १६० ची गाठ मागच्या बाजूला आहे, कात्रीने एकेक कापत जा, दोन माणसांना दहा मिनिटं लागतात. त्यावरही वारा वाढला तर टेकूचे विंग नट सोडून पिसारा खांबांसकट मागे निजवा. म्हणून खांबाच्या खोबणीत दोनऐवजी एकच आरपार बोल्ट ठेवा, तो बिजागरीचं काम करेल, आणि खोबणीची मागची भिंत कापून ठेवा. टेकू असेपर्यंत ही व्यवस्था पक्की असते. मागे आठ फूट मोकळी जागा आधीच राखून ठेवायची, तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या येऊ देऊ नका.

फुगेकाम_गिरगाव

वर राहिलेलं थोडं. सजावटीच्या थर्माकोलवर आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या दांड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. चोच, डोळा, पायांसाठी कोणी थर्माकोल कापून देतो म्हटलं तर घेऊ नका. चोचीला जाड पुठ्ठा रंगवून घ्या, रंग पाण्याचा. पाय पीव्हीसीचे, त्यावर २६० नंबरचे फुगे गुंडाळून.

रात्री फुगे पायाने फोडू नका. मानेजवळ कात्रीने छोटी चीर द्या, हवा हळू जाते, तुकडे उडत नाहीत. खाडीला लागून हिरवळ आहे, रबराचे तुकडे वाऱ्याने पाण्यात जातात, आणि लॅटेक्स विघटनशील म्हटलं तरी ते लवकर कुजत नाही. लहान मुलांच्या तोंडात तुकडा गेला तर घशात अडकतो, म्हणून समारंभ चालू असतानाही फुटलेला फुगा लगेच उचलायला एक माणूस नेमा. चंदेरी फॉइलचे फुगे या कामात नकोच. सुटून रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर गेले तर धातूच्या थरामुळे शॉर्ट होतं.

सुटं करायचा क्रम : गुच्छ, मग जाळी गुंडाळून, मग कमानी, मग काड्या बाहेरून आत, टेकू, आणि पाण्याचे जार अगदी शेवटी. घाईत जार आधी उचलले जातात आणि अर्धा सांगाडा माणसांच्या अंगावर येतो. दोघं सांगाड्याला, दोघं फुग्यांना धरा. बोल्ट, वॉशर, कपलर एकाच झाकणाच्या डब्यात टाकत जा, हिरवळीत पडलेला ६ मिमीचा बोल्ट रात्री सापडत नाही.